बावखलातला लाल फडका

फोटोग्राफी सोडून बरीच वर्षं झाली म्हणून हात काय गंजतो? गंजतं ते लोखंड, आणि तेही ओलावा नि ऑक्सिजन मिळाला तरच. मी केमिस्ट्रीचा एम.एस्सी. आहे, मला विचारा!

कॉलेजात असताना मी राजोडीच्या वाटेवरच्या एका बावखलावर पडीक असायचो. वाडीच्या मधोमध पावसाचं पाणी धरून ठेवणारं हिरवंगार तळं. तिथला निळा खंड्या पाण्यात सूर मारतो, तो क्षण मला हवा होता. मिळाला नाही. मग औषधांच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि कॅमेरा एव्हरशाईन सोसायटीतल्या फ्लॅटच्या माळ्यावर गेला. पण लॅबमध्ये मोरचूद विरघळवताना तो निळा रंग दिसला, की मला खंड्याच आठवायचा.

या वेळी मात्र पद्धतशीर! रविवार निवडला, कारण सगळी आळी चर्चमध्ये मिस्साला गेलेली असते. खंड्या जिथे सूर मारतो, तिथे काठालगतच्या पाण्यात बांबू रोवला, त्याला लाल फडका बांधला. ट्रायपॉडपासून तिथवर टेपने अंतर मोजलं आणि फोकस लावून ठेवला.

खंड्या आला. फांदीवर बसला. मी बटणावर बोट ठेवलं.

"रस्ता इथून जानार काय, साहेब?"

मागे चर्चमधून परतलेल्या मार्था आंटी उभ्या. वाडी त्यांचीच.

"श्श!" मी म्हणालो.

"श्श काय? मोजायला आलात ना?"

"मोजून झालं. त्या लाल फडक्यापर्यंत," मी खरं ते सांगितलं.

"देवा रे! स्टॅनी! धाव! बावखल बुजवतायत!"

खंड्या उडाला. त्याच्या जागी स्टॅनी अंकल आले, म्हणजे आंटींचे दीर. आणि त्यांच्यामागे नव्या कपड्यांतली अख्खी आळी.

"कोणाला विचारून मोजलंस?"

"अंकल, मी पक्ष्याचा फोटो काढतोय."

"मागे एक जण फुलपाखरं बघायला आलेला! पुढच्या महिन्यात खांब उभे राहिले!"

"साहेब, कॉफी घ्या," शेजारचे रिचर्ड कानाशी येऊन म्हणाले. "आणि रस्त्याची लाइन जरा सेलिनच्या वाडीतून वळवता येईल काय?"

"माझ्या? आधी तुझा गोठा पाड!" सेलिन आंटी कडाडल्या. कानातली कुजबुज अख्ख्या आळीला ऐकू गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली!

शेवटी मी मोबाईलवर कॉलेजातले फोटो दाखवले. रिकामी फांदी. रिकामं पाणी. पाण्यावरची वर्तुळं. पुन्हा रिकामी फांदी.

"यात पक्षी कुठाय?" स्टॅनी अंकलनी विचारलं.

"तोच राहिलाय, अंकल."

मार्था आंटी मात्र एका फोटोवर थांबल्या. "हा आमचा आंबा. वादळात गेला." त्यांनी बोटाने फांदी हळूच पुसली. "तेव्हा तो कॅमेरा घेऊन बसणारा पोरगा तूच काय? मग आधी सांगायचंस ना, बाबा!"

"हो आंटी, मीच."

"मग एक काम कर. या बावखलाचा फोटो काढ, पाण्यासकट. उद्या कोण म्हणाला इथे पानीच नव्हतं, तर तोंडावर मारता येईल."

आंटींच्या आवाजात गंमत नव्हती. मी फोकस बदलला. तोवर आळी काठावर ओळीने उभी राहिली!

"जरा सरका, पाणी दिसू दे!"

"सरकलो की!" असं म्हणून सगळे आणखी मध्ये आले.

"हसा!"

मी बटण दाबलं आणि त्यांच्यामागे वाजलं, डुबुक!

तो फोटो आता आंटींच्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये आहे. पुरावा म्हणून निकामी, कारण पाण्याचा थेंबही दिसत नाही. फोकस स्टॅनी अंकलच्या पोटावर आहे, अगदी बिनचूक. पण त्यांच्या कोपराच्या फटीत एक निळी, पुसट रेघ आली आहे. दुसऱ्या प्रतीतून तेवढीच कापून मी लॅबमधल्या टेबलावर चिकटवली आहे.

"काय रे, मोरचूद सांडलं वाटतं?" येणारा-जाणारा विचारतो.

मी 'हो' म्हणतो. आणि कापूस घेऊन कोणी पुसायला धावलाच, तर त्याचा हात धरतो.