तीन पाण्यांत धुतलेला धवला

हळदीला अकरा दिवस उरले होते, आणि रणजीतच्या फोनमध्ये आई अठरा मिनिटांची उरली होती.

रणजीतची आई सुंदराबाई ही नावडे गावातली शेवटची धवलारीण, म्हणजे लग्नात धवल्याची गाणी गाणारी. लग्नात भटजींच्या आधी तिचा आवाज मांडवात शिरायचा. देवांना, नदीला, वेशीला, गेलेल्या माणसांना नाव घेऊन आवतान द्यायचा, आणि मगच हळद लागायची. नऊ महिन्यांपूर्वी ती गेली. जाण्याआधी एका दुपारी, "जाईच्या लग्नाला मी असन क नसन," असं म्हणत स्वयंपाकघरात पाय पसरून तिनं नातीसाठी अख्खा धवला गायला, आणि रणजीतनं तो फोनवर धरून ठेवला. आता जाई हटून बसली होती. "हळद लागेल ती आजीच्या आवाजात. नायतर मना हळदच नको."

अडचण एवढीच होती की धवल्याच्या साथीला पंखा होता, कुकर होता, खिडकीत कावळा होता. त्या सगळ्यांच्या मागून आई गात होती, जत्रेत चुकलेलं माणूस लांबून हाक मारतं तशी.

खांदेश्वरचा नंदकुमार रणजीतचा शाळेपासूनचा दोस्त. लग्नाकार्यात साउंड लावायचा धंदा. त्यानं हेडफोन लावून तीन मिनिटं ऐकलं आणि डॉक्टर एक्स-रे खाली ठेवतो तसा हेडफोन खाली ठेवला.

"याला मास्टरिंग लागेल, रणजीतशेठ."

"म्हंजे?"

"म्हणजे गाण्याला आंघोळ, पावडर आणि इस्त्री. वाशीला एक स्टुडिओवाला आहे. एवढ्या मोठ्या गाण्याचे बारा हजार घेईल."

"बारा हजार? आये जिवंत असताना पूर्न लग्न गायाची एका लुगड्यावर!"

"मग घरी कर ना. टेन्शन काय त्यात? सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मी तीन सांगतो, तू एक पसंत कर. सगळी सेम असतात रे, फक्त कान पाहिजे."

"कान हाय," रणजीत म्हणाला.

कान होते, पण एकवीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून राबलेले. जे घुमतं ते मशीन, एवढं त्या कानांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर जाईचा लॅपटॉप हॉलमध्ये मांडला गेला. पहिलं सॉफ्टवेअर देखणं होतं, बटणं सोन्यासारखी चमकत होती. मात्र ते पंधरा दिवस वापरून बघायचं होतं, मग विकत घ्यायचं. रणजीतनं धवला लावला. सुंदराबाईनं गणपतीला बोलावलं. एकवीरा आईला बोलावलं. आणि खंडोबाचं नाव ओठावर येतंय तोच एक गोरी बाई इंग्रजीत म्हणाली, ‘ही चाचणी प्रत आहे, कृपया खरेदी करा.’

शकुबाई, म्हणजे रणजीतची बायको, तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "ही कोन बाय मधीच? हिला आवतान दिलं कोनी?"

"ती दर अर्ध्या मिनिटाला येते, आई," जाई म्हणाली. "विकत घेतलं की जाते."

"म्हंजे पैशे देऊन घालवाची? वऱ्हाडातली मानसं पन एवरी महाग नसतात."

दुसरं सॉफ्टवेअर इंटरनेटवरचं होतं. गाणं तिकडे पाठवायचं, ते आपोआप सजून परत येणार, आणि पहिलं गाणं फुकट. पण आत जाण्याआधी गाण्याची जात सांगणं भाग होतं. पॉप, रॉक, हिपहॉप, क्लब आणि आणखी बारा नावं. धवल्याचा रकाना नव्हता. जाई म्हणाली, "लोकसंगीत लावा." रणजीत म्हणाला, "यात गिटारवाला दाखवलाय. तिच्या हातात गिटार देऊ क?" शेवटी मांडवात वाजायचं म्हणून त्यानं ‘क्लब’वर बोट ठेवलं. धवला परत आला तो छातीत धडधड घेऊनच. प्रत्येक शब्दाखाली ढोलासारखा धक्का बसत होता.

शकुबाईनं सूप खाली ठेवलं. सासूला ती आत्याच म्हणायची. "आत्या डीजेवर बसल्या क काय?"

जाई हसली आणि हसता हसताच उठून आत गेली. आजीवर हसू आलं याचंच तिला रडू आलं होतं. रणजीतला दाराआडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं. पोरीच्या लग्नात त्यानं स्वतःहून द्यायची ठरवलेली ही एकच गोष्ट होती; बाकी सगळं पोरीनं स्वतःच ठरवलं होतं.

राहिलं तिसरं. ते कायमचं फुकट होतं, आणि दिसायला वीज मंडळाच्या सबस्टेशनसारखं. त्यात गोंगाट काढायची सोय होती. पद्धतही सोपी. ज्या तुकड्यात नुसता गोंगाट आहे तो तुकडा निवडून दाखवायचा, मग सॉफ्टवेअर तो गोंगाट ओळखून गाण्यातून सगळीकडचा काढून टाकतं. रणजीतनं सुरुवातीची दहा सेकंद ऐकली. शब्द नव्हते, फक्त घुमत होतं. हाच पंखा. त्यानं तो तुकडा दाखवला आणि बटण दाबलं.

तो पंखा नव्हता. धवला उचलण्याआधी सुंदराबाई मिटल्या तोंडानं सूर धरायची, विहिरीत घागर बुडताना घुमते तसा. सॉफ्टवेअरनं आज्ञाधारकपणे तिची ओळख करून घेतली आणि अठरा मिनिटांतून तिला शोधून शोधून काढायला सुरुवात केली.

एकदा धुवून पंखा गेला नाही, म्हणून रणजीतनं दुसऱ्यांदा धुतलं. तांदूळसुद्धा तीन पाण्यांतून काढतात, म्हणून तिसऱ्यांदा. मग सगळं मोठ्या आवाजाचं केलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, ‘या नावाची फाइल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवू?’ एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला या प्रश्नाचं एकच उत्तर माहीत असतं. एका मालाची दोन कार्डं सापडली की ऑडिटवाले फाडून खातात. त्यानं ‘हो’ म्हटलं. फोनमधली प्रत तर त्यानं लॅपटॉपवर आणतानाच काढून टाकली होती, आणि ‘क्लब’वाली ऐकल्या ऐकल्याच. एक माल, एक जागा.

रणजीतनं ऐकून बघितलं. लॅपटॉपवर आई फारच हळू वाटली. त्यानं नंदकुमारला फोन लावला.

"अरे, लॅपटॉपचा स्पीकर म्हणजे डासाचं नरडं. माझ्या टॉपवर, मांडवातल्या मोठ्या स्पीकरवर लाव, कशी खुलते बघ."

हळदीच्या दिवशी सकाळी मांडव भरला. जाई पिवळ्या साडीत पाटावर बसली. बायका हात हळदीत बुडवून थांबल्या. रणजीतनं माइक घेतला, "आता आये गातं," एवढंच बोलता आलं, आणि त्यानं खूण केली. नंदकुमारनं बटण सरकवलं.

पंखा सुरू झाला. हेलिकॉप्टर उतरावं तसा. मग कावळा ओरडला, आणि मांडवाबाहेरच्या खऱ्या कावळ्यांनी त्याला उत्तर दिलं. बांगड्या किणकिणल्या. कुकरची शिट्टी झाली तेव्हा दोन म्हाताऱ्या कानांवर हात ठेवून खाली वाकल्या. मग रणजीतचा स्वतःचाच आवाज स्वच्छ आला, "गा ना आये, चालू केलंय." आणि त्यानंतर जिथे आई होती तिथे पाण्याच्या बुडबुड्यांसारखं काहीतरी फुटत राहिलं.

"मूळ फाइल लाव," नंदकुमार कुजबुजला.

"हीच ती."

"अरे, मूळ! धुण्याच्या आधीची!"

"तिच्या जागी ही ठेवली."

"फोनमधली?"

"एक माल, एक जागा," रणजीत पुटपुटला. नंदकुमारनं बटण हळूच खाली ओढलं. तीनशे माणसांच्या मांडवात कढईतलं तेल ऐकू आलं. जाईनं वडिलांकडे पाहिलं. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त मान खाली घातली, आणि तिच्या ओल्या गालावर अजून हळद लागायची होती.

आईला अग्नी देताना रणजीतला ती गेलीय असं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. तेव्हा फोन खिशात होता.

इतक्यात शकुबाईनं हळदीचे हात पदराला पुसले. "सरका," ती म्हणाली, आणि जाईच्या पाटाशेजारी बसली. हिचा गळा म्हणजे रिकाम्या डब्यातला खडा, असं सासूनंच ठरवलेलं. त्यामुळे पंचवीस वर्षांत तिनं पोरीला अंगाईसुद्धा मनातल्या मनात गायली होती. तिनं डोळे मिटले. खडा डब्यात वाजला. पण पहिल्याच ओळीला म्हाताऱ्या सावरून बसल्या. भिंतीपलीकडून ऐकलेला धवला तिच्याजवळ अख्खा होता.

गणपती आला, एकवीरा आली, खंडोबा आला. कासाडी नदी आली, गावची वेस आली. मग गेलेली माणसं. सासरे सिताराम आले. आणि शकुबाई थांबली. पुढचं नाव सुंदराबाईच्या धवल्यात कधीच नव्हतं, कसं असणार? सून म्हणून जिला आयुष्यभर आत्या म्हटलं, तिचं नाव तिनं पहिल्यांदा उच्चारलं.

"सुंदरा सासूबाय गो, ये तुज्या मांडवान,
नातीची हलद हाय, बस पयल्या मानान.
येशील तशी ये गो, बसशील तिथं बस,
पयलाच घास घेऊन बोलू नको ‘अलनी रस’!"

मांडव खो खो हसला. ज्या म्हाताऱ्यांनी सुंदराबाईची जीभ सोसली होती त्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसल्या आणि तशाच रडल्या. जाईच्या दोन्ही गालांवर एकदम चार हात पडले.

रणजीत हसला नाही. आवतान घरातल्याला कोणी देत नाही. जो दूर गेलाय त्यालाच देतात. नऊ महिने त्यानं आईला खिशातून बाहेर जाऊच दिलं नव्हतं. आज तिला बाहेरून बोलावणं आलं होतं, पाहुण्यासारखं, नावानिशी.

तो मांडवाच्या कडेला गेला. एक प्लास्टिकची खुर्ची उचलून त्यानं ती रुमालानं पुसली आणि पहिल्या रांगेत, जाई दिसेल अशी लावली. सकाळपासून उभ्या असलेल्या नंदकुमारचे पाय भरून आले होते. तो वायरी गुंडाळत आला आणि हुश्श करून त्या खुर्चीवर टेकायला लागला.

रणजीतनं त्याचा दंड धरला.

"तिथं नको र बसू," तो हळूच म्हणाला. "कोन तरी येतंय."