डिझेल गाडीला चोक नसतो

रविवारी सकाळी धम्मानंदने गाडीची चावी फिरवली, काढली, खिशात टाकली, खाली उतरून दार लावलं, आणि गाडी चालूच राहिली.

त्याने खिशात हात घालून खात्री केली. चावी तिथेच होती. इंजिनही जागेवर होतं आणि मन लावून काम करत होतं.

"अवो, बंद करा की आता," त्याची बायको सरिता घरातून ओरडली.

"बंद केली."

"मंग हा आवाज कशाचा येऊन राहिला?"

"बंद केलेल्या गाडीचा."

धम्मानंद सेनगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होता. प्रत्येक अडचणीचं उत्तर कुठल्या तरी पानावर छापलेलं असतं, पान तेवढं सापडलं पाहिजे, अशी त्याची समजूत होती. विकणाऱ्याच्या माणसाने ही जुनी डिझेल गाडी काल दारात आणून, बंद करून दिली, आणि त्याच दिवशी धम्मानंदने 'जुनी गाडी घेतल्यावर करायची पहिली कामं' या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. त्यानुसार तो आज उजाडल्यापासून गाडीखाली आडवा होता. इंजिन ऑइल बदललं. ऑइल फिल्टर बदलला. एअर फिल्टर झटकला, तेव्हा त्यातून अर्ध्या तालुक्याची धूळ आणि एक मेलेली गांधीलमाशी निघाली. शेजारचा भिवाजी कॅन घेऊन जळकं ऑइल न्यायला उभाच होता. कुंपणाच्या खुंटांना वाळवी लागू नये म्हणून त्याला ते हवं होतं.

इथपर्यंत सगळं छापल्याप्रमाणे झालं. मग स्टेअरिंगच्या खाली एक काळी मूठ दिसली. तिच्यावरची अक्षरं कुणाच्या तरी अंगठ्याने केव्हाच पुसून टाकली होती.

"हे चोक दिसून राहिलं," भिवाजी म्हणाला.

धम्मानंदने मोबाइलवर शोधलं. 'डिझेल गाडीला चोक नसतो', असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि सगळा घोटाळा त्या खरेपणामुळेच झाला. ज्या गाडीला चोक नसतो तिला तो बसवणं हा आधीच्या मालकाचा अडाणीपणा, असं ठरवून धम्मानंदने पक्कड घेतली आणि ती मूठ मागच्या लांबलचक तारेसकट उपटून काढली.

"तार फेकून देता का?" भिवाजीने विचारलं. त्याच्या फाटकाला तार लागतच होती. तो घेऊन गेला.

त्यानंतर धम्मानंदने गाडी चालू करून पाहिली. झकास चालू झाली.

गाडी विकणारे शंकरसिंग वारंगा फाट्याला राहत. त्याने त्यांना फोन लावला.

"शंकरसिंगजी, गाडी बंद होत न्हाई."

"सायेब, जुनी गाडी घेतलेले लोक चालू होत न्हाई म्हणून फोन करतात. तुमची तक्रार उलटीच हाय."

"चावी माझ्या खिशात हाय हो!"

"चावीनं न्हाई होत ती. स्टेअरिंगखाली काळी मूठ हाय, ती वढा."

धम्मानंदने काचेतून आत, मूठ होती तिथल्या भोकाकडे पाहिलं.

"ती काढली."

"काहून?"

"डिझेल गाडीला चोक नसतो."

"बराबर हाय, नसतो. ती बंद करायची मूठ व्हती. लावा परत."

धम्मानंदने कुंपणापलीकडे पाहिलं. भिवाजीने तारेचे तुकडे करून फाटक ठिकठिकाणी आवळलं होतं आणि आता तो ते हलवून, हलत नाही हे पाहून खूश होत होता.

"लावता येत न्हाई."

"मंग डिझेल संपलं की होईल आपोआप. घाई करू नका," असं म्हणून शंकरसिंगांनी फोन ठेवला. टाकी धम्मानंदने कालच गाडी आणणाऱ्या माणसाकडून गळ्यापर्यंत भरून घेतली होती.

भरली होती ती मायसाठी. पद्माबाई, म्हणजे धम्मानंदची माय, पांढरं लुगडं नेसून केव्हाची ओसरीवर तयार बसली होती. आज नरसीला तिच्या थोरल्या बहिणीच्या, पारुबाईच्या, नातीचं नामकरण होतं. पारुबाईचा मुलगा प्रज्ञेश याच्याकडे बरीच वर्षं गाडी होती. त्या गाडीतून पारुबाई सेनगावला यायची, पद्माबाईच्या दारात गाडी थांबवायची, आणि खाली न उतरता काच खाली करून बोलायची. पद्माबाईला रस्त्यावर उभं राहून, खिडकीशी वाकून बहिणीची खुशाली विचारावी लागे. मान दुखेपर्यंत. आज पद्माबाई पारुबाईच्या दारात गाडीतून जाणार होती, खाली उतरणार नव्हती आणि काच खाली करणार होती. एवढ्या एका गोष्टीसाठी तिने मुलाला ही गाडी घ्यायला लावली होती.

"माय, गाडी बंद होत न्हाई," धम्मानंदने तिला सांगितलं.

"चालू हाय ना?"

"व्हय."

"मंग चल. बंद पडली असती तर तकलीफ व्हती."

याला उत्तर कुठल्याच पानावर नव्हतं. तिघं निघाले.

नरसीत पारुबाईच्या दारात मांडव घातला होता. गाडी मांडवाला लागून थांबली, आणि मांडवाचा एक बांबू इंजिनाच्या तालावर थरथरू लागला. हँडब्रेक होता, पण तो फक्त वर-खाली होत असे, त्यामुळे धम्मानंदला ब्रेक दाबून आतच बसणं भाग होतं. पद्माबाईने पदर सारखा केला, काचेची दांडी फिरवली आणि वाट पाहिली. पारुबाई आली. खिडकीशी वाकली. सगळं ठरल्याप्रमाणे घडत होतं.

"अक्का, बरी हायेस का?" पद्माबाई म्हणाली.

"आँ?"

"बरी हायेस का म्हणलं!"

"काय मेलं ऐकूच येऊन राहिलं न्हाई! धम्मा, बंद कर की रे गाडी!"

पद्माबाईने क्षणभर विचार केला. गाडी नसण्यापेक्षा बंद न होणारी गाडी असणं जास्त नामुष्कीचं होतं.

"एसी चालू हाय," ती म्हणाली.

या गाडीत जिथे एसी असायला हवा होता तिथे एक भोक होतं, आणि त्यात धम्मानंदने काच पुसायचं फडकं ठेवलं होतं.

"एसी?" पारुबाईचे डोळे चमकले. घरातून लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता. ते सकाळपासून रडत होतं. त्याची आई, सपना, दमून भिंतीला टेकली होती. बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली की लेकरू त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत लागे, आणि ते समजूतदारपणे थांबत. "थांब पदमे, लेकराला आणते. गरमीनंच रडून राहिलं ते!"

ती लेकराला घेऊन मागच्या सीटवर सरिताशेजारी बसली आणि एसीचा नियम म्हणून सगळ्या काचा लावायला लावल्या. गाडीत मोठ्या माणसांना घाम फुटला.

"कुठं हाय गं एसी?"

"वेळ लागते त्याला," पद्माबाई पुढे बघत म्हणाली. "चांगला एसी हाय."

पारुबाई काहीतरी लागट बोलणार होती. पण तेवढ्यात तिने मांडीकडे पाहिलं. जुन्या इंजिनाने सीट हलत होती, सीटबरोबर पारुबाई हलत होती आणि पारुबाईबरोबर लेकराचे गाल हलत होते. लेकरू गाढ झोपलं होतं.

पारुबाईने श्वास रोखला. सरिताने श्वास रोखला. मांडवात पाहुण्यांनी एकमेकांना खुणा केल्या. बौद्धाचार्यांनी काचेतून पाहिलं आणि हात जोडले.

तेवढ्यात प्रज्ञेश आला. भारी गाडीचा मालक चालतो तसा चालत आला. "दादा, वंदना सुरू करायची हाय, बंद कर ना."

धम्मानंदने काच इंचभर खाली करून त्याला हळूच खरं ते सांगितलं.

"एवढंच व्हय!" प्रज्ञेश मोठ्याने हसला. "टाप गिअर टाक, ब्रेक दाबून ठिव, अन् क्लच एकदम सोड!"

धम्मानंद हा आयुष्यभर सूचना पाळत आलेला माणूस होता. त्याने गिअर टाकला, ब्रेक दाबला, क्लच सोडला. गाडीने एक उचकी दिली आणि गप्प झाली.

"आई, ह्यांची गाडी बंदच होत नव्हती!" प्रज्ञेशने मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं. "एसी-बिसी काही न्हाई तिला!"

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. पद्माबाईने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मायला असं बसलेलं धम्मानंदने कधी पाहिलं नव्हतं.

मग लेकरू उठलं.

सकाळपासूनचं रडणं हा नुसता सराव होता, असं पाहुण्यांच्या लक्षात आलं.

"मेल्या, कुणी सांगितलं व्हतं तुला?" पारुबाई मुलावर कडाडली.

"अगं, वंदना—"

"निजलं व्हतं माझं लेकरू! चालू कर गाडी!"

धम्मानंदने चावी फिरवली. कट्, असा आवाज झाला. परत फिरवली. आता कट्सुद्धा झालं नाही.

"माझ्या गाडीत बसा ना," प्रज्ञेश म्हणाला. लेकराला तिकडे नेलं. ती गाडी इतकी शांत होती की लेकराला स्वतःचं रडणं पहिल्यांदाच नीट ऐकू आलं, आणि त्याला हुरूप चढला.

"आणा इकडं परत," पारुबाईने हुकूम सोडला. "अन् सगळे या. धक्का मारा."

पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे गाडीमागे गोळा झाले. पद्माबाईने उतरायला दाराला हात घातला.

"तू कुठं चालली?" पारुबाईने लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं. "तू मालकीण हायेस. बसून राहा."

पारुबाईने स्वतः पदर खोचला आणि खिडकीजवळ दाराच्या चौकटीला धरून ढकलू लागली. ढकलताना वाकावं लागतं. तिचं तोंड बरोबर खिडकीसमोर आलं. एसीचं खोटं फुटल्यावर काच पुन्हा खाली आली होती, इंजिन बंद होतं आणि आता प्रत्येक शब्द ऐकू गेला असता. पद्माबाईने बहिणीचा घामाने भिजलेला चेहरा पाहिला.

"दमलीस का अक्का?" ती म्हणाली.

"गप बस. लेकराचं डोकं सांभाळ."

मंदिराकडच्या उतारावर गाडीने धूर सोडला आणि चालू झाली. लेकराने तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं ठेवून ते झोपी गेलं.

गाडी मांडवाशी परत आली आणि नामकरण गाडीतच झालं. वंदना नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणावी लागली. आत्याने लेकराच्या कानात सांगायचं नाव इंजिनावरून ओरडून सांगितलं, त्यामुळे आकांक्षा हे नाव समोरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांनाही त्याच वेळी कळलं. धम्मानंदने ब्रेकवरचा पाय न काढता खिडकीतून आलेलं ताट संपवलं.

निघताना पारुबाई खिडकीशी आली.

"पदमे, उद्या येशील ना गाडी घेऊन?"

"उद्या मेकॅनिककडं न्यायची हाय, मावशी," सरिता म्हणाली. "बंद करायची मूठ बसवायला."

"काहून?" पारुबाई दचकली. "चांगल्या गाडीला काही करायचं न्हाई! धम्मा, ऐकलं का? पदमे, सांग त्याला. येशील ना? सकाळीच ये."

ती वाकून बोलत होती, एक हात कमरेवर, एक हात काचेवर. पद्माबाईने सगळं सावकाश ऐकून घेतलं. मग ती पुढच्या रस्त्याकडे पाहत म्हणाली,

"बघू. आमाला वेळ असला तर येऊ."