कोरी पट्टी

दत्तूमामांनी मला फसवलं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझं चामड्याचं वर्कशॉप आहे. तिथे बावीस वर्षं कटिंग करणाऱ्या माणसाने मला फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही त्यांचीच बाजू घ्याल.

मामांना एक खोड होती. दारात कोणीही येवो, पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" पाण्याचे कॅन आणणारा पठाण असो की लायसन्स तपासणारा इन्स्पेक्टर. "दुबई" म्हटलं की मामा हसायचे. "ते ऱ्हायाचं झालं. गाव सांगा."

मग एका हॉटेलची ऑर्डर आली. आल्प्सच्या डोंगराळ भागातल्या थाटाचं रेस्टॉरंट काढलं होतं, म्हणून वेटरांना तिथल्यासारख्या चामड्याच्या चड्ड्या, खांद्यावरून गॅलिस, छातीवर आडवी पट्टी. वीस नग. भाव मी तीन बैठका भांडून वाढवून घेतला. नमुना त्यांच्या म्हाताऱ्या ऑस्ट्रियन आचाऱ्याने आणला, त्याच्या आजोबांची चड्डी, हरणाच्या चामड्याची, वापरून काळी पडलेली. मामांनी त्यालाही हिंदीत गाव विचारलंच. म्हातारा खुलला. ही मुळात गुराख्यांची, शिकाऱ्यांची चड्डी, म्हणाला. प्रत्येक खोऱ्याचं भरतकाम वेगळं, कुठे हिरवा दोरा, कुठे पिवळा. जाणकार नुसत्या टाक्यांवरून माणूस कुठला ते ओळखतो.

त्या दिवसापासून मामा कामातून गेले.

हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "हबीबी, सब पे एक ही फूल डालो, कौन देखता है?" मी मान डोलावली. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, ही पट्टी न्हाई, पत्ता हाय. दुसऱ्याचा पत्ता लावून माणूस हरवला, तर पोचवायचा कुठं?"

"मामा, वेटर आहेत ते, पार्सलं नाहीत! यल्ला, कामाला लागा."

"लागतो," म्हणाले. हीच ती फसवणूक. मापं घ्यायला गेले आणि वीसही जणांना गाव विचारून आले. हॉटेलात खोकी उघडली, तर एकाही पट्टीवर आल्प्सचं फूल नाही. केरळच्या वेटरच्या छातीवर नारळाचं झाड, फिलिपिन्सच्याच्या छातीवर होडी. एक नेपाळी वेटर पट्टीवरच्या डोंगरावर बोट फिरवत उभा राहिला, तो हलेचना. मॅनेजरने सगळा माल परत पाठवला.

मी वर्कशॉप डोक्यावर घेतलं. "खलास! उद्यापासून येऊ नका." मामांनी कात्री पुसून टेबलावर ठेवली. व्हिसा रद्द झाला, तेव्हा पासपोर्टवरचा पत्ता बघून मीच त्यांच्या हातात तिकीट दिलं. "कोल्हापूर," त्यांनी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

परत आलेली खोकी मी महिन्याभराने उपसली. नग एकवीस निघाले. एकविसावी चड्डी मामांच्या मापाची होती. तिची पट्टी कोरी होती, पण चामड्यावर सुईची भोकं दिसत होती. काहीतरी भरून पुन्हा उसवलं होतं.

मी त्यांच्या पुतण्याला फोन लावला. "काका? इकडं न्हाई आले," तो म्हणाला. "घर तर आजी गेली तवाच विकलं. त्यास्नी कळवलंवतं की."

बावीस वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला. मी एकदाही विचारलं नाही, मामा, तुमचं गाव कुठलं.

ऑर्डर गेली ती गेली, मामा. पण तुम्ही कुठे आहात, आणि त्या पट्टीवरून काय उसवलंत? समोर या आणि मला जाब द्या.