काळ्या चौकटीतला अर्ज

"निबंध म्हणजे माझ्या हातचा मळ!" असं म्हणून मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली आणि कपातला निम्मा चहा बशीत आला. "माझा मजकूर वाचून दगडाच्या काळजाची माणसं ढसाढसा रडतात! आणि तू मला सांगतेस, हात लावायचा नाही?"

"हो. हात लावायचा नाही," त्यांची मुलगी म्हणाली.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत होते अशी कुणाची समजूत झाली असेल तर ती आधी काढून टाका. ते एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत बसून निधनाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती लिहून देत. समोर येईल त्याच्या चुका काढायची खोड होती, म्हणून मास्तर. आणि राग? राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ट्रॅफिकच्या लाल दिव्यावरसुद्धा ते खेकसत, आणि तो हिरवा झाला की "आता सुचलं का!" म्हणून पुन्हा खेकसत.

मुलीला घरीदारी भुंगी म्हणत, कारण तिला किडामुंगीचं अतोनात वेड. साखरेच्या डब्यात सुरवंट, साबणाच्या डबीत ढालकिडे. आई बिचारी डबा उघडण्यापूर्वी टकटक करायला शिकली होती! आता एका कीटक संशोधन संस्थेनं शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग काढला होता. महिनाभर तिथंच राहायचं आणि शास्त्रज्ञांबरोबर जाळी घेऊन रानात हिंडायचं. अर्ज ढीगभर, जागा मोजक्या, आणि वर्ग फक्त तिच्याच इयत्तेसाठी. म्हणजे या वर्षी हुकलं की कायमचं हुकलं. भुंगीनं जेवणाखाण्याचं भान सोडून निबंध लिहिला होता. विषय होता: 'तुला राग कशाचा येतो, आणि त्या रागाचं तू काय करतेस?'

अर्जाचा आज शेवटचा दिवस, आणि घरचं इंटरनेट बंद. का बंद? तर दुरुस्तीला आलेल्या माणसाला मास्तरांनी त्याच्या कंपनीबद्दल, तिच्या मालकाबद्दल आणि एकूण मनुष्यजातीबद्दल इतकं सुनावलं की तो पेटी उघडी टाकून निघून गेला. त्यामुळे अर्ज मास्तरांच्या कचेरीतूनच पाठवायचा होता. भुंगीनं त्यांच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला.

"सगळं भरलेलं आहे, फोटोपण आहे. फक्त पाठवायचं, बाबा. वाचायचं नाही."

"अहो, शब्द द्या तिला," आई म्हणाली.

"दिला! दिला म्हटलं ना!"

शब्द कचेरीच्या दारापर्यंत टिकला. खुर्चीत बसल्या बसल्या मास्तरांनी फाइल उघडली. पहिलंच वाक्य होतं: 'मला राग येतो तो घरात.' मास्तरांनी फाइल तिथंच बंद केली. तळपायाची आग मस्तकात गेली! अर्जात कुणी राग लिहितं? अर्जात गुण लिहायचे असतात, गुण! पोरगी आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतेय आणि बाप बघत बसणार? छे!

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. समोर दोन भाऊ वडिलांची जाहिरात द्यायला आले होते आणि कुणाचं नाव आधी टाकायचं यावर हमरीतुमरीवर आले होते.

"थोरला मी आहे!"

"दवाखान्यात मी होतो!"

"गप्प बसा दोघंही!" मास्तर कडाडले. "गेलेल्याला घाई नाही, तुम्हाला कसली आहे?"

एक कान भांडणाकडे, बोटं कळफलकावर. बोटांना रोजची वाट तोंडपाठ. 'सदैव हसतमुख, मनमिळाऊ आणि अभ्यासू. कोवळ्या वयातच तिनं सर्वांची मनं जिंकली होती. मुक्या जिवांवर तिचं निरतिशय प्रेम होतं. संकटातही ती कधी डगमगली नाही. अशी मुलगी आमच्या पोटी आली, हे आमचं भाग्य.' मग घरच्यांची माहिती द्यायला हवी म्हणून बोटांनी आपल्या मनानंच लिहून टाकलं: 'तिच्या पश्चात आई-वडील आहेत.' फोटो टाकला. तो जिथं रोज बसतो तिथंच जाऊन बसला, जाड काळ्या चौकटीत. स्वतःचा मजकूर मास्तर कधीच तपासत नसत. तपासायचं ते दुसऱ्याचं! तिनं भरलेल्या अर्जाला हाच निबंध जोडला, कळ दाबली आणि अर्ज गेला. पाठवणाऱ्याच्या जागी कचेरीचं रोजचं नाव होतं: 'श्रद्धांजली विभाग'.

"कसं लिहिलंय, वाचून डोळ्यांत पाणी येईल त्यांच्या!" संध्याकाळी मास्तर आईला हळूच म्हणाले. इथं मात्र त्यांचा अंदाज अगदी बरोबर निघाला.

पुढच्याच आठवड्यात भुंगी शाळेत उशिरा पोचली. सुरवंटाला कोवळी पानं हवी होती, ती शोधण्यात वेळ गेला. पाहते तर सगळी शाळा मैदानात मान खाली घालून उभी. ती चटकन शेवटच्या रांगेत शिरली, मान खाली घातली आणि शेजारच्या मैत्रिणीला कुजबुजत विचारलं, "कोण गेलं गं?"

"भुंगी," मैत्रीण मुसमुसत म्हणाली, आणि वर बघून जी किंचाळली, ती थेट बाईंच्या अंगावर जाऊन पडली! मग एकच गलका. कुणी पळालं, कुणी भुंगीला चिमटा काढून पाहिला. गणिताच्या सरांनी तर आदल्या दिवशी तिला वर्गाबाहेर काढलं होतं. त्यांनी भर मैदानात तिची माफी मागितली आणि ती जिवंत आहे हे कळल्यावर परत घेतली.

मुख्याध्यापिकांनी तडक मास्तरांना फोन लावला. मास्तर आधी काही ऐकूनच घेईनात.

"खातरजमा न करता जिवंत मुलीला मारता? शाळा आहे की कत्तलखाना? मी तुमच्यावर खटला भरीन!"

"कुणावर भरणार?" मुख्याध्यापिकाही काही कमी नव्हत्या. "त्या कीटकवाल्या संस्थेनं सांत्वनाला फोन केला होता आम्हाला! मी म्हटलं, असं कसं होईल? तर त्यांनी पुरावाच पाठवला. काळी चौकट, फोटो, 'पश्चात आई-वडील'! कुणी पाठवलाय माहितेय? तुमच्या वर्तमानपत्राच्या श्रद्धांजली विभागानं! त्या विभागात कोण बसतं हो?"

मास्तर रागानं काहीतरी बोलायला गेले. पण त्या विभागात एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर ते स्वतःच बसले होते.

भुंगी शाळेतून सरळ कचेरीत आली. दार लाथेनं उघडलं. बापाचीच लेक ती! समोर एक जोडपं आजीबाईंची जाहिरात द्यायला बसलं होतं, ते अंग चोरून भिंतीला टेकलं.

"वाचून दाखवा!"

"अगं, हळू..."

"मोठ्यानं वाचा!"

मास्तरांनी वाचलं. 'अशी मुलगी आमच्या पोटी आली' पर्यंत आले तेव्हा त्या जोडप्यातल्या बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "किती छान हो. आमच्या आजींना अगदी हेच लिहा."

"हे मला नाही, सगळ्यांनाच लिहिता तुम्ही!" भुंगीचा आवाज फाटला. "माझा निबंध कुठाय?"

"पेनड्राइव्हमध्येच. अगं, त्यात तू राग..."

"विषयच राग होता, बाबा! विषय वाचलात? नाही! शब्द दिला होतात! शब्दांची फॅक्टरी काढून बसलाय आणि एक शब्द पाळता येत नाही!"

मास्तरांनाही राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. मग त्यांनी तो संस्थेवर काढायचं ठरवलं. "चल! बघतोच त्या मूर्खांकडे! जिवंत मुलीला अर्जातून काढतात म्हणजे काय!"

संस्थेत संयोजक बाईंच्या टेबलावर पांढऱ्या फुलांचं एक मोठं पुष्पचक्र तयार होतं. बाई त्यावर चिठ्ठी लावत होत्या. वर बघितलं, भुंगी दिसली, आणि चिठ्ठी हातातच राहिली.

"तू... तुझा फोटो..."

भुंगीचं मात्र बाईंकडे लक्षच नव्हतं. ती पुष्पचक्रावर वाकली, एक पाकळी उचलली आणि म्हणाली, "ह्यात अळी आहे. कात टाकतेय, हलवू नका. एखादी डबी आहे?"

बाईंनी मुकाट्यानं टाचण्यांची डबी रिकामी करून दिली. ही जिवंत आहे याची त्यांना एवढ्यावरच खात्री पटली असावी. पण मास्तरांना कुठला धीर!

"ही माझी मुलगी! ठणठणीत! आत्ताच्या आत्ता तिचं नाव यादीत घाला!"

"साहेब, आमची समिती वाचून रडली हो," बाई म्हणाल्या. "तिच्या नावानं दरवर्षी पारितोषिक द्यायचं ठरत होतं."

"मग द्या की! तिलाच द्या!"

"ते आता कसं देणार? ती आहे ना!"

"म्हणजे असणं हा गुन्हा झाला? काय कारभार आहे हा! मी वर्तमानपत्रात..."

"बाबा, बसा!" भुंगी ओरडली आणि मास्तर चक्क बसले. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला. "खरं सांगायचं तर अर्ज बादच होतो. निबंध मुलीनं स्वतः लिहायचा असतो, वडिलांनी नाही. पण यादी संध्याकाळी वर जाणार आहे. तोपर्यंत इथं बसून लिहिणार असशील, तर लिही."

"विषय तोच?"

"तोच. तुला राग कशाचा येतो?"

"आत्ता?" भुंगीनं बापाकडे बघितलं. "आत्ता तर सांगायलाच नको."

ती पलीकडच्या टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. लिहीत कसली होती, कागद नांगरत होती! मास्तर बाहेरच्या बाकावर. पेनाची करकर ऐकून त्यांच्या जिवाची तगमग. दोनदा उठले, दारातून मान लांब केली, आणि दोन्ही वेळा बाईंनी नुसतं बोट दाखवून त्यांना बाकावर बसवलं.

शेवटी बाईंनी बोलावलं. निबंधाच्या खाली एक ओळ छापलेली होती: 'वरील मजकूर सत्य असल्याची खात्री केली आहे.' तिथं पालकांची सही, शेजारी संयोजकांची.

"वाचा आणि सही करा. एक अक्षरही बदलायचं नाही."

मास्तरांनी वाचायला घेतलं.

'मला राग येतो तो माझ्या बाबांचा. ते दिवसभर कधी न पाहिलेल्या, गेलेल्या माणसांचं कौतुक करतात आणि संध्याकाळी घरी येऊन जिवंत माणसांच्या चुका काढतात. मी वर्गात पहिली आले तेव्हा ते म्हणाले, अक्षर सुधार. आईनं घर रंगवून घेतलं तेव्हा ते म्हणाले, कोपरा राहिलाय. माझ्याबद्दल त्यांना एवढं चांगलं लिहिता येतं हे मला आज कळलं, पण त्यासाठी मला मरावं लागलं. त्यांना काही सांगायला जावं तर ते ओरडतात. मग मी रागाचं काय करते? मी सुरवंटाजवळ जाऊन बसते. तो ओरडत नाही आणि चुकाही काढत नाही. त्याच्याकडे बघता बघता मी इतकं शिकले की मला आता कीटकशास्त्रज्ञच व्हायचंय. तेव्हा एका अर्थी हे बाबांमुळेच.'

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. हुंदका बाहेर पडणार एवढ्यात सवयीनं दुसरंच बाहेर पडलं.

"कोण ओरडतं? मी? मी ओरडतो? अरे, मी आयुष्यात कधी ओरडलो नाहीऽऽ!"

खिडकीची काच थरथरली. शेजारच्या खोलीतून दोन शास्त्रज्ञ धावत आले. शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभा राहिला.

बाईंनी शांतपणे कागद ओढून घेतला, 'खात्री केली आहे' या शब्दांखाली सही ठोकली आणि कागद मास्तरांपुढे सरकवला. "माझी खात्री झाली. आता तुम्ही."

मास्तरांनी पेन उचललं. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम हवा होता. पेन तिकडे झुकलं. भुंगी बघत होती. पेन खाली आलं, आणि त्यांनी मुकाट्यानं सही केली.

"जागा तुझी," बाई भुंगीला म्हणाल्या. "आणि या महिनाभरात पालकांचा काहीही मजकूर आम्ही स्वीकारणार नाही. हा नियम आजच केलाय."

दोघं जिना उतरत होते. भुंगीच्या हातात टाचण्यांची डबी. मास्तर रागानं धुमसत होते, पण कुणावर ते त्यांनाच कळत नव्हतं. मधल्या वळणावर ते थांबले, कठड्याला धरून घसा साफ केला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बरं लिहितेस तू."

भुंगी जागच्या जागी थबकली. "बाबा, मी अजून जिवंत आहे हं."

"माहितेय गं!" मास्तर खेकसले. "म्हणून तर नुसतं 'बरं' म्हणालो!"