आजचा कारभारी

नोकरीच्या निरोपाला दत्तूआप्पाला एक टेबल मिळालं. घरी आणल्या आणल्या त्यानं करवतीनं त्याचे चारी पाय कापले आणि बसायला पाट केला. "टेबल उभं ऱ्हायलं की काम आडवं होतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

असं बोलायचा हक्क त्याला होता. शिरूरकडं एका कचेरीत तो तीस वर्षं शिपाई. ह्या टेबलावरचा कागद त्या टेबलावर, तिथनं परत ह्या टेबलावर. काम जागेवरच, झिजल्या त्या आप्पाच्या चपला. बायको तिकडंच वारली. आमच्या राहू गावात, वडिलांच्या रानावर तो एकटाच परत आला.

मी चौथी शिकलेला, मला गोड लिहिता येत नाही. पण ह्या अर्धवट दिसणाऱ्या माणसानं आमच्या गावात जे केलं, ते शिकलेल्यांना जमलं नाही.

आप्पा धरून शेवंती लावणारी आम्ही अकरा घरं. आप्पानं आमची सावड जमवली. आज सगळ्यांनी ह्याच्या रानात तोडणी करायची, उद्या त्याच्या. अध्यक्ष नाही, वही नाही, शिक्का नाही. ज्याचं रान, तो त्या दिवसाचा कारभारी. त्यानं पहिली सरी दाखवल्याशिवाय कुणी फुलाला हात लावायचा नाही.

आमच्या रानात कारभार माझ्या बायकोचा, सखूचा. पहिल्याच दिवशी तिनं आप्पाला झापलं, "आप्पा, क्रेट भरताय का बाजरीचं पोतं? दाबू नका!"

आप्पा खूश. "बघ बापू, तीस वर्षांत एक साहेब असं कामाचं बोलला न्हाई."

एकदा कोरेगाव भीमाहून फुलांचा व्यापारी आला. "तुमचा चेअरमन कोण?"

"आज तोडणी बापूच्या रानात. म्हंजी सखूबाई," आप्पा म्हणाला.

"आन् उद्या?"

"उद्या हौसाबाई. परवा मी. परवा येऊ नका, मी लई वाईट हाय."

यंदा दसऱ्याच्या तोंडावर सखू गेली. तेरावं झालं आणि मी आप्पाकडं गेलो. "शेवंतीचा प्लॉट मोडतोय. मंगळवारी ट्रॅक्टर बोलावून रोटर फिरवणार. सावडीतनं माझं नाव काढ."

"काढू कुठनं? लिवलंय कुठं?"

"मग डोक्यातनं काढ!"

"डोकं आधीच कमी हाय, बापू. त्यात खाडाखोड नको."

मला हसू आलं नाही, शिवी आली. ती दिली आणि निघालो.

मंगळवारी ट्रॅक्टर यायच्या आधीच दहा घरची माणसं बांधावर हजर. रानात कुणी पाय टाकला नाही. सखूनं हातानं लावलेली शेवंती पिवळीधमक झाली होती.

आप्पानं विचारलं, "कारभारी, कुठल्या सरीपास्नं धरायचं?"

"मी कारभारी न्हाई. ती होती."

आप्पा जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "माझी गेली तवा रजेचा अर्ज दिला. मंजूर झाला. पन एक माणूस येऊन माझ्यापाशी उभा ऱ्हायला न्हाई, बापू."

मी खाली बसलो. कुणी घाई केली नाही. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन लावून येऊ नको म्हणालो.

"विहिरीकडनं धरा," मी उठत म्हणालो. "तिकडं ऊन आधी येतं."

"व्हय कारभारी," हौसाबाई म्हणाली, आणि माणसं रानात शिरली.

माझ्या शेजारच्या सरीत आप्पा होता. दुपारपर्यंत तो बायकोचंच बोलत होता. मंजुळा नाव तिचं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.