रुग्ण सापडला नाही

जगात वस्तू फार आणि शब्द थोडे असल्यामुळे एकच शब्द अनेकांना वापरावा लागतो, आणि अशी टंचाई जिथं निर्माण होते तिथं एक कार्यालय उघडावं लागतं. सोलापुरातलं आमचं संदेश-समन्वय कार्यालय अशाच टंचाईतून जन्माला आलं. (पाण्याच्या टंचाईचं कार्यालय वेगळं. ते खालच्या मजल्यावर.)

काम साधं. दवाखान्यांचे संगणक आमच्या संगणकाला संदेश पाठवतात, आमचा संगणक उपचाराला मंजुरी असल्या-नसल्याचं उत्तर देतो आणि आम्ही मधे बसून चहा घेतो. संदेशातल्या प्रत्येक माहितीवर एक चिठ्ठी असते: रुग्ण, वय, आजार. आता 'रुग्ण' ही चिठ्ठी माणसांचे दवाखाने लावतात तशी जनावरांचेही लावतात. घोटाळा नको म्हणून चिठ्ठीला तिच्या घराण्याचं नाव जोडायचं, त्याला नेमस्पेस म्हणतात. हे नाव दिसतं वेबसाइटच्या पत्त्यासारखं, पण तो पत्ता उघडायचा नसतो. पाठवणाऱ्याकडं आणि घेणाऱ्याकडं तो एकच असला की झालं. एवढं कळायला कार्यालयाला चार महिने लागले, आणि ते वाया गेले म्हणणारा माणूस कृतघ्न समजावा.

घडलं असं. वरून 'मृत वेबपत्ते निर्मूलन पंधरवडा' साजरा करण्याचा आदेश आला. आमचे तांत्रिक अधिकारी गुरुराज केमकर म्हणजे लाखात एक माणूस; रजा घेत नाहीत, आणि घेतली तरी फरक जाणवत नाही. त्यांनी आमच्या संगणकातला एकूण एक पत्ता स्वतः उघडून पाहिला. माणसांच्या 'रुग्णा'चा पत्ता काही केल्या उघडेना. केमकरांनी तो मृत घोषित केला आणि त्याजागी आमच्या कार्यालयाच्या वेबसाइटचा पत्ता घातला. तो उघडतो. उघडल्यावर साहेबांचा हसरा फोटोही दिसतो. केमकरांना प्रशस्तिपत्र मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून आमचा संगणक नव्या घराण्याचे रुग्ण शोधू लागला, दवाखाने जुन्याच घराण्याचे पाठवत राहिले, आणि प्रत्येकाला एकच उत्तर गेलं: 'रुग्ण सापडला नाही.' (जनावरांचा पत्ता सुदैवानं उघडत होता. मेंढ्यांना मंजुरी वेळच्या वेळी मिळत राहिली.)

मंगळवेढ्याकडचे सिद्धाप्पा याच मेंढ्यांचे मालक. वय एकाहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन योजनेतून व्हायचं होतं, पण आमच्या मंजुरीशिवाय डॉक्टर हात लावेनात. कळपात लांडगा शिरला तरी कुत्रं भुंकल्यावरच म्हाताऱ्याला कळायचं. पत्नी केराबाई त्यांचा हात धरून एसटीनं आमच्या खिडकीवर येत. संगणक सांगे, रुग्ण सापडला नाही.

"अवो, ह्यो काय हितं हुबा हाय की!" केराबाई म्हणत.

विधान भावनिक होतं. त्याची नोंद घेण्यासाठी रकाना नव्हता.

तरी आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही. सिद्धाप्पांचा अंगठा सात वेळा घेतला. फोटो तीनदा काढला, त्यात एकदा फेटा उतरवून. सर्व्हर बंद करून चालू केला. साहेबांच्या केबिनमधला एसी त्याच्याकडं वळवला आणि साहेबांना घाम फुटल्यावर परत फिरवला. अकरा बैठका झाल्या, पैकी नऊ आधीच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करायला. शिवाय एकही रुग्ण सापडत नसल्यामुळे आमच्याकडं प्रलंबित प्रकरणं शून्य होती, आणि त्याबद्दल आमचा नंबर पहिला आला.

चौथ्या खेपेला केमकर स्वतः खिडकीवर गेले. "आजी, आमच्याकडं सगळं चोख आहे. बाबांच्या संदेशावर जुनाच पत्ता येतोय, आणि त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही."

केराबाईंनी विचारलं, "तुमचं आडनाव काय, सायेब?"

"केमकर."

"केमात घर हाय व्हय तुमचं?"

"छे! मी केम गाव पाहिलेलंही नाही. पणजोबांनीच सोडलं."

"मग आडनाव बदलून टाकलं का?"

केमकर खिडकीवरून थेट संगणकाकडं गेले आणि खोडलेला जुना पत्ता शोधू लागले. खरं सांगतो, मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. पण त्यांचं म्हणणं कितीही अचूक असलं तरी त्या मान्यताप्राप्त सल्लागारांच्या यादीत नव्हत्या. सबब बारावी बैठक घ्यावी लागली. तीत जुना पत्ता परत घालायचं ठरलं, आणि केमकरांना 'जुन्या पत्त्यांचे पुनर्वसन' या कामगिरीबद्दल दुसरं प्रशस्तिपत्र मिळालं. सिद्धाप्पांची मंजुरी चार सेकंदांत झाली.

पट्ट्या निघाल्यावर ते एकटेच आले, कुणाचा हात न धरता. खिडकीतून आमच्यातल्या एकेकाचं तोंड नीट न्याहाळलं.

"माणसंच हाईत की हितं," ते म्हणाले. मग मागं वळून रांगेकडं बघत राहिले.

"काय शोधताय बाबा?" मी विचारलं.

"मला दिसत न्हवतं तवा माज्या मागं लोकं हुती. 'म्हातारबा, मिशीन न्हाय म्हनतंय म्हंजी न्हाय, सरका की बाजूला,' म्हनायची. त्यांस्नी बी एकदा बघावं म्हनलं. कुटं गावतील?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणालो, "बसा बाबा. ते आत्ता ही गोष्ट वाचतायत. हसून झालं की येतील."