मनकर्णाबाईंचे पूर्वीपासूनचे आजार

देवळाली प्रवरा येथील श्री. कारभारी मुसमाडे यांच्या मातोश्री मनकर्णाबाई यांना वयाच्या पासष्टीपर्यंत एकही आजार झाला नव्हता. ही गोष्ट पुढे कुणालाही सिद्ध करता आली नाही, म्हणून ती सुरुवातीलाच नोंदवलेली बरी.

मनकर्णाबाई पहाटे उठून म्हशींच्या धारा काढत, घासाचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून ताठ चालत येत आणि दुपारी भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडून खात. त्यांची इच्छा एकच होती. ज्या घाटावरून बापानं त्यांचं नाव ठेवलं, तो काशीचा घाट एकदा डोळ्यांनी पाहायचा.

"पर तू संगं पायजे," असं त्या मुलाला बजावत. "तिथंच डोळं मिटलं तर सोनंच हाय. पर तोंडात गंगेचं पानी तुज्या हातनं पडलं पायजे. छबूचा हात थरथरतो."

"सासूच्या तोंडात काय घालायचं म्हनलं तर माजा हात जरासुदीक थरथरनार न्हाई," चुलीपुढून सूनबाई छबूबाई म्हणत.

कारभारी पंचक्रोशीतल्या एका साखर कारखान्यात कारकून होता. एकाहत्तरच्या हंगामात कारखान्याच्या कामगार यात्रा मंडळानं काशीला मोटार न्यायचं ठरवलं, आणि यात्रेकरूंना भर हंगामात खास रजा मंजूर झाली. अट एकच होती. आदल्या वर्षी गिरनारच्या पायऱ्यांवर एका सभासदाच्या वडिलांचा पाय मोडला होता आणि तो पाय मंडळाचा की कुटुंबाचा, हा वाद अजून मिटला नव्हता. तेव्हा प्रवासाचा विमा असल्याशिवाय कुणालाही मोटारीत पाय ठेवता येणार नाही, असा ठराव झाला.

विम्याचं काम दानीएल साळवे मास्तरांकडे आलं. मास्तर प्राथमिक शाळेत शिक्षक असल्यामुळे एजन्सी त्यांच्या पत्नी दीनाबाई यांच्या नावे होती. मास्तर फक्त काम करीत. माणूस कमालीचा सचोटीचा. स्वतः खोटं बोलत नसत आणि समोरच्यालाही बोलू देत नसत.

मास्तरांनी मुसमाडे यांच्या ओट्यावर बसून साधा, मध्यम आणि उत्तम अशा तीन प्रतींच्या कुटुंब विम्याचा तक्ता वाचून दाखवला. साध्या विम्यात अंगठा गेल्यास काही मिळत नसे, मध्यममध्ये उजवा गेल्यास मिळे आणि उत्तममध्ये दोन्हींची सोय होती. छबूबाईंनी उत्तमचा आग्रह धरला.

"मास्तर, दोनी डोळं गेलं तर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पूर्ण रक्कम, आजी."

"आन् घाट बघायच्या आदीच गेलं तर?"

मास्तरांनी तक्ता उलटून पाहिला. "आधी-नंतर असा भेद कंपनीनं केलेला नाही. आता पूर्वीपासूनचे आजार सांगा. एखादा लपवला तर विमा रद्द."

"आईला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय," कारभारी म्हणाला.

"दिसतंच आहे. तरी नोकरदाराच्या कुटुंबाची माहिती त्याच्या कचेरीतल्या नोंदींशी ताडून पाहावी लागते. नियम आहे."

कारभारी ओट्यावरून उठून उभा राहिला.

त्याचं कारण असं. गाळप चालू असताना कारखान्यात कुणालाही रजा मिळत नसे. अपवाद एकच होता, निकटच्या नातलगाचा गंभीर आजार. त्यामुळे गाळप सुरू झालं की पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या प्रकृती झपाट्यानं ढासळत आणि पट्टा पडून हंगाम संपला की सावरत. मनकर्णाबाईंना कारभारीच्या मेहुण्याच्या लग्नाच्या वेळी हृदयविकार झाला होता. मढीच्या जत्रेला दमा जडला. बेलापूरच्या कुस्त्यांना अर्धांगवायू झाला, आणि कुस्ती बरोबरीत सुटून दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरली तेव्हा तो दुसऱ्या अंगालाही झाला. सगळ्याला डॉक्टरांचे दाखले होते. मात्र आईला मारायचं नाही, एवढं पथ्य कारभारीनं पाळलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या छगननं आपली आई केव्हाच मारली होती, आणि मोटारीत तिच्यासाठी जागा धरल्यावर त्याची जी पंचाईत झाली ती वेगळीच.

मास्तर कारखान्यात गेले. हेडक्लार्क गोरक्षनाथ भाऊसाहेबांनी त्यांच्यापुढे चहा आणि फाईल ठेवली. मास्तर वाचत गेले आणि मध्येच चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"भाऊसाहेब, ही माउली वैरणीचा भारा आणते!"

"जुनं हाड," भाऊसाहेब म्हणाले.

मंडळाच्या बहुतेक सभासदांचं असंच झालं. ठणठणीत निघाल्या त्या फक्त रोजंदारीवरच्या कामगारांच्या आया. रोजंदारीवाल्यांना रजाच नसल्यामुळे त्यांच्या घरी आजारपण शिरलं नव्हतं. पण त्यांना काशीचं भाडं परवडत नव्हतं.

कारभारी आईला सायकलीवर बसवून डॉक्टर गुगळे यांच्याकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मनकर्णाबाईंना प्रथमच पाहिलं. नाडी धरली, छाती तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि लाथ चुकवली.

"अप्रतिम प्रकृती," ते म्हणाले.

"तेवढंच लिहून द्या."

"ते कसं देता येईल? मी दिलेले दाखले खोटे ठरतील."

"बरी झाली असं लिवा."

"तू सांगितलेले आजार बरे होणारे नाहीत, कारभारी. दोन दिवसांचा ताप सांगितला असतास तर आज सोपं गेलं असतं. पण तुला दर वेळी मोठंच काहीतरी लागायचं."

"दोन दिसांच्या तापावर कुस्त्या कशा बगून व्हनार?"

"तोही मुद्दा आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तपासणीची फी घेतली नाही.

आता एकच मार्ग उरला. नसलेले सगळे आजार प्रामाणिकपणे जाहीर करायचे. मास्तरांना हे पसंत पडलं, कारण त्यात लपवाछपवी नव्हती. त्यांनी एकेक आजार लिहून घेतला आणि त्यापुढे कंपनी कशाला बांधील नाही ते लिहिलं. दमा असल्यानं श्वास थांबून मृत्यू आल्यास भरपाई नाही. हृदयविकार असल्यानं हृदय थांबून आल्यास नाही. अर्धांगवायू असल्यानं पडून आल्यास नाही.

"मग तिनं मरावं कसं?" कारभारीनं विचारलं.

मास्तरांनी पुस्तिका शेवटपर्यंत चाळली. "वीज पडून चालेल. पण विजेच्या आवाजानं हृदय बंद पडलं तर नाही."

"चालंल मास्तर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मला तर काशीतच मरान आलं तर सोन्याहून पिवळं."

मास्तरांची लेखणी थांबली. "आजी, हे मी ऐकायला नको होतं."

"का वं?"

"मरणाची इच्छा धरून प्रवास करणाऱ्याचा विमा उतरवता येत नाही. आणि ऐकलेलं लिहिलं नाही, तर मला रविवारी प्रार्थनेला उभं राहता येणार नाही."

त्यांनी ते लिहिलं. पंधरवड्यात कंपनीचं उत्तर आलं. मुसमाडे कुटुंबाचा उत्तम प्रतीचा विमा मंजूर झाला होता, मनकर्णाबाई वगळून.

कारभारी भाऊसाहेबांकडे गेला. आई मोटारीत बसत नसेल तर आपण तिला आगगाडीनं नेऊ, खास रजा तेवढी चालू ठेवावी, असं त्यानं विनवलं. भाऊसाहेबांनी समजूत घातली. खास रजा मोटारीतल्या यात्रेकरूंना होती. शिवाय हृदयविकार, दमा आणि दोन्ही अंगांचा अर्धांगवायू असलेल्या आईला आगगाडीनं काशीला नेणाऱ्या मुलाला कारखान्यानं मदत केली, तर उद्या लोक काय म्हणतील?

मनकर्णाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि लुगड्यांचं बोचकं बांधलं. शेजारच्या चांगुणाबाईंना सोबत घेऊन त्या बेलापूर स्टेशनात तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढल्या. रेल्वेनं त्यांना पूर्वीपासूनचे आजार विचारले नाहीत. तिकीट मागितलं, ते त्यांच्याकडे होतं.

"हंगाम सरला की ये मला न्यायला," खिडकीतून त्या म्हणाल्या. "तवर मी घाटाव बसते."

महिनाभर पत्रं आली. चांगुणाबाई कुणाकडून तरी लिहून घेत. घाट पाहिला, नाव सार्थक झालं, म्हशींना पेंड घालत जा. मग एक दिवस कारखान्याच्या पत्त्यावर तार आली. आई अत्यवस्थ. ताबडतोब निघा.

कारभारी तार घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

"झकास. काशीचा शिक्कासुद्धा! कुणाकडून करवून घेतलास?"

"भाऊसाहेब, या येळंला खरं हाय."

"दर वेळी खरंच असतं की. मी कधी नाही म्हटलंय?" भाऊसाहेब दुखावल्यासारखे झाले. "पण कुस्त्या संपल्या, जत्राही झाली. आता काय काढलंस?"

"तिला पानी पाजायचंय. माज्या हातनं."

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा बदललाही असेल. मग त्यांनी फाईल उघडली आणि अर्जावर लाल शाईत शेरा मारला: "सदर आजार अर्जदाराच्या मातोश्रींस पूर्वीपासूनच असल्याने नव्याने रजा देण्याचे कारण दिसत नाही."

कारभारी बिनरजेचा निघाला. मनमाडला गाडी बदलून, डब्याच्या दाराशी उभ्यानं प्रवास करून तो घाटावर पोचला, तेव्हा चांगुणाबाई एकट्याच पायरीवर बसल्या होत्या. शेजारी मडकं होतं, त्याला फडकं बांधलेलं.

"लई वाट पाह्यली रं तुजी," त्या म्हणाल्या. "तोंड मिटूनच घेतलं हुतं तिनं. म्हनली, कारभारी आल्यावर पिईन. मग मीच तुजं नाव घेतलं, मनकर्णे, कारभारीच पाजतोय बघ, म्हनलं. तवा प्याली."

"काय झालं हुतं?"

"ताप आला. दोन दिसांचा."

दशक्रिया उरकून कारभारी कामावर हजर झाला, तेव्हा त्याच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला होता आणि मिशाही उतरवलेल्या होत्या. ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. मग छगननं टेबलावर थाप मारली. भाऊसाहेब खुर्चीतून उठले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक दाटून आलं.

"अरे, दाखला पुरला असता," ते म्हणाले. "रजेसाठी एवढं कुणी करतं का?"

सगळे हसले. त्यांतला एकही माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाची आई कागदोपत्री बरीच वर्षं आजारी होती आणि संध्याकाळी घरी भाकऱ्या थापत होती. आणि तुमची आई आत्ता कशी आहे? घरी, असं नव्हे. फाईलमध्ये.